जाड अक्षर

रक्त मला आधी दिसलं. रेश्मा नंतर दिसली.

आमच्या लॅबमध्ये भिंतीला लागून जाळीचा लोखंडी बाक आहे. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं त्यावर ओळीनं बसतात. त्या दिवशी साडेदहा वाजून गेले होते, गर्दी ओसरली होती, आणि मी फरशी पुसत पुसत बाकापर्यंत आले होते. बाकाखाली लाल थारोळं होतं आणि जाळीतून अजून खाली येत होतं. मला वाटलं, कुणाच्या तरी हातातली बाटली फुटली. मी ओरडले, "कुणाचं सांडलंय गं हे? सांगायचं नाय का?"

बाकावर एकच पोरगी बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, वर्गात बसतात तशी ताठ. तोंड पांढरंफटक. ती म्हणाली, "मावशी, माझंच हाय. फडकं द्या, मी पुसते."

मी पुसते म्हणाली. पाचवा महिना चाललेली बाई, अंगातून रक्त चाललंय, आणि तिला फरशी घाण झाल्याची लाज वाटत होती. मी कर्जतच्या त्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं काढली. रक्त बघून मला कधी काही झालं नाही. पण माझ्या ओळखीचं रक्त नळीतलं, बूच लावलेलं, वर नंबर चिकटवलेलं. हे असं वाहणारं बघून मी पोतेरं तिथंच टाकून आतल्या दाराकडं पळाले.

सुहास, आमचा टेक्निशियन, आतून धावत आला. त्याच्या मागून डॉक्टरबाई आल्या. आमची लॅब त्यांची. त्यांनी तिचा हात धरून नाडी बघितली आणि विचारलं, "रेश्मा, काही औषध घेतलंस का?"

"सासूबाईंनी गोळ्या दिल्या. काल दिल्या, आज सकाळी परत दिल्या. ताकदीच्या हायत म्हणाल्या."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. आम्हाला दोघींनाही कळलं, गोळ्या पोट पाडायच्या होत्या. रिक्षा बोलावली, सुहासनं तिला उचलून आत ठेवलं आणि आम्ही सरकारी दवाखान्यात नेली. तिला आत घेतलं, दार लागलं, आणि मी बाहेर उभी राहिले. माझ्या पदराला तिचं रक्त लागलं होतं. आतल्या डॉक्टरांना ते कशानं झालं हे शोधायचं होतं. मला शोधायचं नव्हतं. अकरा दिवसांपूर्वी तिच्या सासूला मी दोन शब्द सांगितले होते, त्यानं झालं होतं.

आता ते दोन शब्द काय, हे कळायला आमचं काम कळायला हवं.

मी चौथी शिकले. नवरा गेल्यावर काम शोधत होते, तेव्हा डॉक्टरबाई नव्यानंच कर्जतला आल्या होत्या. त्यांच्याकडं एक सूक्ष्मदर्शक होता, एक फ्रिज होता आणि काचेच्या नळ्या होत्या. त्या नळ्या धुवायच्या, सुया उकळायच्या, केर काढायचा, हे माझं काम. पुढं सगळं एकदा वापरून टाकायचं सामान आलं, धुणं संपलं. मग मी नळ्यांवर नंबर लावायला लागले, माणसांना रांगेत बसवायला लागले आणि रिपोर्टचे लखोटे द्यायला लागले. इंग्रजी मला वाचता येत नाही. आकडे वाचता येतात. आणि जाड अक्षर ओळखता येतं.

जाड अक्षराचं असं आहे. मशीनमधून आकडा निघतो, सुहास तो कॉम्प्युटरमध्ये घालतो. कुठला आकडा किती असला म्हणजे बरा, हे कॉम्प्युटरमध्ये आधीच भरून ठेवलेलं असतं. आकडा त्याच्या बाहेर गेला की कॉम्प्युटर तो आपोआप जाड छापतो. डॉक्टर लोकांची नजर पटकन तिथं जावी म्हणून ही सोय. मी ती माझ्यासाठी वापरली.

कारण लोक मलाच विचारायचे. गावाकडून दोन रिक्षा बदलून आलेला माणूस, त्याचा डॉक्टर संध्याकाळी पाचला बसणार, तोपर्यंत तो करणार काय? तो लखोटा फोडून माझ्यापुढं धरायचा, "मावशी, बघा की जरा." मी बघायची. जाड अक्षर नसलं तर म्हणायची, "काय नाय तुला, जा, चहा पी." असलं तर म्हणायची, "डॉक्टरला दाखवल्याबिगर गाडी पकडू नको." साखर, हिमोग्लोबिन, कावीळ यांत हे बरोबर निघायचं. लोकांत असं झालं की डॉक्टर मागाहून बघतील, आधी मावशीला दाखवा. मला त्याचा माज होता. खोटं कशाला बोलू? चौथी शिकलेल्या बाईला माणसं वाकून विचारतात, ते गोड लागतं.

नाना तऱ्हेची माणसं यायची. एक म्हातारा चार तपासण्या करून गेला. चारीत काही निघालं नाही, तर दुसऱ्या दिवशी येऊन भांडायला लागला. "काय निघालंच नाय तर माझं रक्त परत द्या." सुहास त्याला समजावत बसला. मी फ्रिजमधून त्याची नळी आणून हातात ठेवली आणि म्हटलं, "घ्या काका. भरा कुठून भरायचं ते." नळीकडं बघत बसला आणि मग हसत निघून गेला.

पण मला इथं एका हेल्मेटवाल्याचं सांगायचं आहे. तो मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कारकून होता. तिथं लॅब असताना तो इतक्या लांब कर्जतला यायचा, कारण तिथं त्याला सगळे ओळखत होते. आमच्याकडं आला तरी हेल्मेट काढायचा नाही. बाही वर करून रक्त द्यायचा, पण डोक्यावर हेल्मेट, पुढची काच खाली. मी एकदा म्हटलं, "सायेब, सुई हातात टोचतात, डोक्यात नाय." आतून आवाज आला, "असू दे मावशी." त्याचं लग्न ठरलं होतं आणि कुठल्याशा तपासणीत त्याला हर्पीस आहे असं आलं होतं. आकडा जेमतेम रेषेच्या वर. डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. मी दाराशी उभी होते म्हणून मलाही कळलं.

त्या म्हणाल्या, या तपासणीत जंतू दिसत नाही. जंतू येऊन गेला असला तर शरीर त्याच्याविरुद्ध जे तयार करतं, ते दिसतं. मला ते माझ्या भाषेत असं समजलं. शेताच्या बांधावर चिखलात पाऊल उमटलेलं असतं. जनावर तुम्ही बघितलेलं नसतं, नुसतं पाऊल बघता. त्यात दोन तपासण्या असतात. एक ओलं पाऊल शोधते, म्हणजे जनावर आत्ताच गेलं. दुसरी वाळलेलं पाऊल शोधते, म्हणजे कधी काळी गेलं होतं. या रोगात ओल्या पावलाच्या तपासणीचा भरवसा नाही. कुत्र्याचं पाऊल आणि कोल्ह्याचं पाऊल तिला वेगळं ओळखता येत नाही. दुसऱ्याच कसल्या तापानं चिखल तुडवला गेलेला असतो आणि ती म्हणते, हर्पीस. बाई गरोदर असली तर गोंधळ आणखी वाढतो. म्हणून आकड्याचे तीन भाग केलेले असतात. इतक्याच्या खाली असला तर नाही. इतक्याच्या वर असला तर आहे. आणि त्या दोघांच्या मधे असला तर काहीच म्हणायचं नाही, गप्प बसायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी परत रक्त घ्यायचं.

हेल्मेटवाल्यानं दुसऱ्या पद्धतीनं परत तपासणी केली. काही नव्हतं. रिपोर्ट हातात घेतल्यावर त्यानं पहिल्यांदा हेल्मेट काढलं. डोक्याला टक्कल होतं. मला उगीचच वाटलं होतं की राजबिंडा असेल.

म्हणजे हे सगळं मी ऐकलेलं होतं. मधला भाग म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. तरी केलं ते केलं.

रेश्माचं माहेर कडावकडचं, सासर लोधिवलीजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिचं नाव कर्जतच्या एका डॉक्टरांकडं घातलेलं होतं. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा त्याच डॉक्टरांनी टॉर्च नावाची तपासणी लिहून दिली. आपल्याकडं एकदा पोट पडलं की ही तपासणी लिहितातच. चार-पाच आजार एकदम बघतात, प्रत्येकाच्या दोन ओळी, एक ओली, एक वाळलेली. रेश्मा नवऱ्याबरोबर येऊन रक्त देऊन गेली. गोरी, बारीक, सुईकडं न बघता दुसरीकडं तोंड करून बसलेली. मला एवढंच आठवतं.

रिपोर्ट न्यायला सासू आली. पार्वतीबाई. हातात बाजाराची पिशवी.

"मावशी, आमच्या सुनंचा कागद न्यायला आले गं. डॉक्टर म्हणं संध्याकाळी बसणार. मला तर आत्ता निघायला पायजे, पोराची दुसरी पाळी हाय, डबा द्यायचाय. तुमी बघा की."

"डॉक्टरलाच दाखवा ना."

"दाखवीन गं. पण बघा की. पयलं पडलं तिचं. जीव थाऱ्यावर नाय माझा."

मी बघितलं. सगळ्या ओळी बारीक होत्या, एक जाड. मी म्हटलं, "एका ठिकाणी जाड अक्षर आलंय."

"कसलं?"

मला इंग्रजी वाचता येईना. आत सुहास कुणाच्या तरी हातात सुई घालून बसला होता. मी दारातून कागद दाखवला, "सुहास, ही वळ कसली रं?"

त्यानं मान वर करून नुसतं नाव वाचलं. "हर्पीस."

मी पार्वतीबाईकडं वळले आणि म्हटलं, "हर्पीस निघालंय."

हेच ते दोन शब्द. त्यातला दुसरा खोटा होता. निघालेलं काही नव्हतं. ओल्या पावलाच्या ओळीत आकडा होता एक पूर्णांक शून्य दोन. शेजारीच छापलेलं होतं, शून्य पूर्णांक नऊच्या खाली नाही, एक पूर्णांक एकच्या वर आहे. आकडे मला वाचता येतात. एक शून्य दोन या दोघांच्या मधे येतो हे मला कळलं असतं, बघितलं असतं तर. बघितलं नाही. कॉम्प्युटर मधल्या आकड्यालाही जाडच छापतो, आणि मी नुसतं जाड बघितलं.

"म्हंजे नागीण का?" तिनं विचारलं. आपल्याकडं अंगावर नागीण उठते तिलाही डॉक्टर हर्पीसच म्हणतात.

"तसलंच काय तरी असंल. डॉक्टरला दाखवा." असं म्हणून मी पुढच्या माणसाचा लखोटा शोधायला लागले. इतकं बोलणं झालं. पाच मिनिटंसुद्धा नाही.

पुढचं मला नंतर कळलं. ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. वाटेत एका मेडिकलवाल्याला कागद दाखवला. त्यानं फोनमध्ये बघून सांगितलं की हे बाईपुरुषाच्या संबंधातून होतं आणि मूल आंधळं जन्माला येतं. घरी गेल्यावर तिनं पोराला सांगितलं. पोराचं नाव महेश. तो रसायनीला एका कंपनीत आहे. त्यानंही फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "माझ्यात नाय, मग हिच्यात आलं कुठनं?" त्याच्यात नाही हे त्याला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. त्याचं रक्त कुणी घेतलंच नव्हतं. पण लग्नाआधी रेश्मा वर्षभर खोपोलीला एका कंपनीत पॅकिंगला होती. मग सगळ्यांना सगळं सापडलं. खोपोलीतच झालं. पहिलं पोट त्यानंच पडलं. अकरा दिवस तिला वेगळं ताट, वेगळी बादली, आणि कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. बाराव्या दिवशी ती घरात कुणाला न सांगता रिक्षात बसून आमच्याकडं आली, तेव्हा गोळ्या तिच्या पोटात होत्या.

कर्जतला रक्तस्राव थांबेना. पनवेलला न्यायचं ठरलं. रक्त चढवायचं म्हणून गट बघायला सुहासनं तिच्या रक्ताची नळी आधीच घेतली होती. अँब्युलन्समध्ये घरचं कुणी नव्हतं. बाप कडावहून निघाला होता, महेशचा फोन बंद होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बसा." मी बसले.

चौक गेलं तोपर्यंत ती डोळे मिटून होती. मला वाटलं, गेली. मग लोधिवलीचा फाटा आला. तिला तो वळणावरून कळला की काय, तिनं डोळे उघडले.

"मावशी."

"बोलू नको."

"जाड अक्षर म्हंजे काय असतं?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"सासूबाई म्हणाल्या, लॅबवाली मावशी म्हणाली जाड अक्षर हाय. मी तुमालाच इचारायला आले होते. किती जाड हाय?"

माझ्या आयुष्यात मला कुणी खूप काही बोललं आहे. नवरा बोलला, सासू बोलली, गिऱ्हाइकं बोलली. त्यातलं काही मला लागलं नाही. हे लागलं. ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "ते चुकीचं हाय, पोरी. तुला काय नाय." आता मी दुसऱ्यांदा तेच केलं होतं. मला ठाऊक नसताना सांगून मोकळी झाले. पण तेव्हा मी आणखी काय बोलणार होते?

पनवेलला रात्रीच मूल गेलं. मुलगी होती. रेश्माला अंगात विष भिनल्यासारखा ताप चढला, लघवी बंद झाली, आणि तिला आयसीयूत ठेवलं. डॉक्टर बापाला म्हणाले, सांगता येत नाही. बाप साधा माणूस, भाताची शेती करणारा. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आक्का, सांगता येत नाय म्हंजे चांगलं का वायट?" मी म्हटलं, "तेच. सांगता येत नाय." मला पहिल्यांदा कळलं, हे शब्द तोंडातून काढायला किती कठीण असतात. मी तर ते त्या दिवशी पार्वतीबाईला सांगायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या मला काढून टाकतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "चूक माझी आहे. मधला आकडा होता. त्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय तो कागद मी लखोट्यात घालायला नको होता."

मी म्हटलं, "तुमची तुमच्यापाशी. माझी माझ्यापाशी."

मग त्यांनी एक केलं. सुहासनं गट बघायला घेतलेली रेश्माची नळी फ्रिजमध्ये होती. ती रक्त चढवायच्या आधीची. दुसऱ्याचं रक्त एकदा अंगात गेलं की या तपासणीला अर्थ राहत नाही, पावलं कुणाची ते कळत नाही. ती नळी त्यांनी मुंबईला मोठ्या लॅबमध्ये पाठवायची ठरवली, दुसऱ्या पद्धतीनं बघायला. मी बाही वर केली.

"माझंबी घ्या."

"तुमचं कशाला मावशी?"

"घ्या तर खरं."

चार दिवसांनी दोन्ही रिपोर्ट आले. रेश्माचं ओलं पाऊल नाही, वाळलेलंही नाही. तो जंतू त्या पोरीच्या वाटेला कधी गेलाच नव्हता. माझ्या कागदावर वाळलेल्याच्या ओळीत आकडा जाड. मधला नाही, पार वरचा. मी डॉक्टरबाईंकडं बघत राहिले. एकतीस वर्षं मी विधवा, आणि त्याआधी नवरा सोडून कुणाचा हात धरला नाही.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लहानपणी तुम्हाला ताप आला की ओठाच्या कडेला फोड यायचे का?"

"यायचे. आईलाबी यायचे."

"त्यातूनच आलं असणार. घरातलं मोठं माणूस मुलाचा मुका घेतं, तेवढ्यानं येतं आणि जन्मभर अंगात राहतं. आपल्याकडं खूप जणांच्या अंगात असतं. कमरेखाली होणारा प्रकार वेगळा, पण आपल्या त्या तपासणीत दोन्ही एकातच मोजतात. कुठला ते ती सांगत नाही."

मी दोन्ही कागद घेऊन लोधिवलीला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. घर विचारत गेले. पार्वतीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. महेश आत होता, मला बघून दारात आला. मी बसले नाही. रेश्माचा कागद तिच्या सुपात टाकला.

"हा तुझ्या सुनंचा. सुहासकडनं वाचून घेतलाय. काय नाय तिला. कधीच नव्हतं."

ती कागदाला हात लावेना. "तुमीच म्हणालात ना, निघालंय म्हणून?"

"म्हणाले. खोटं बोलले."

"मग आता मला कशाला सांगता?"

मी दुसरा कागद टाकला. "हा माझा. ही जाड वळ बघ. हर्पीस, खरोखरचं. आता तू मला सांग, मी कुठं गेले होते? खोपोलीला का आणखी कुठं?"

शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. पार्वतीबाईनं मुठीतले तांदूळ सुपात टाकले. मग ती बोलायला लागली, आधी हळू, मग भरभर. "आंधळं पोर जल्माला आलं असतं तर? लोकांनी काय म्हटलं असतं? मी माझ्या पोराच्या भल्यासाठी केलं. मेडिकलवाला म्हणाला, या गोळ्यांनी कायबी त्रास होत नाय. दोन महिन्यांत परत दिवस राहतील म्हणाला."

"तिला सांगितलंस का कसल्या गोळ्या ते?"

ती सुपातले खडे निवडायला लागली.

महेश वाकून दोन्ही कागद उचलून बघत होता, जणू त्यात आणखी काही छापलेलं असेल. मग म्हणाला, "आता कशी हाय ती?"

"पाच दिवसांत आज पयल्यांदा इचारतोस."

"फोन लावायला हात उचलत नव्हता."

"मग पायानं जा. पनवेल काय अमेरिकेत नाय."

तो त्याच दिवशी गेला. बापानं त्याला आयसीयूच्या दारापाशी जाऊ दिलं नाही. तो बाहेर जिन्यात बसून राहिला, दोन दिवस. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही. पण तो बसून होता हे खरं, म्हणून लिहिते.

पोलीस आले. रेश्माला शुद्ध होती तेव्हा त्यांनी जबाब घेतला. ती म्हणाली, गोळ्या कसल्या हे मला माहीत नव्हतं, कुणी दिल्या ते आठवत नाही. आठवत नाही म्हणाली. लॅबमध्ये तिनंच आम्हाला सांगितलं होतं, कुणी दिल्या आणि कधी. बाप तिच्यावर चिडला, मीही चिडले. मी पोलिसाला सांगायला निघाले, तर तिनं माझा हात धरला. हातात ताकद नव्हती, नुसता ठेवला. "मावशी, तुमचंबी नाव येईल. लॅबचंबी येईल." मी म्हटलं, "येऊ दे." ती म्हणाली, "मला नको." मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. त्यात तिची इच्छा किती आणि माझी भीती किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आमच्या लॅबमध्ये त्यानंतर एक बदल झाला. मधल्या आकड्याचा रिपोर्ट आता जाड छापत नाहीत आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लखोट्यात जात नाही. खाली मराठीत ओळ असते, नक्की सांगता येत नाही, पुन्हा तपासणी करावी. डॉक्टरबाईंनी आसपासच्या डॉक्टरांनाही सांगितलं की कारण नसताना ही तपासणी लिहू नका. काही ऐकतात. काही अजून लिहितात.

मी रिपोर्ट वाचणं बंद केलं. लोक रुसले. "मावशी, आता मोठ्या झालात का? बघत नाय आमचं?" मी म्हणायची, "मला वाचता येत नाय रं." खरंच होतं ते. आधीच म्हणायला हवं होतं. दोन वर्षांनी मी काम सोडलं. गुडघे गेले म्हणून, दुसरं कारण नाही.

रेश्मा सोळाव्या दिवशी बापाच्या घरी गेली. महेश वर्षभर कडावच्या फेऱ्या मारत होता, ती गेली नाही. मग गेली. मला पटलं नाही, पण तिनं मला विचारलं नव्हतं. आता ती आणि महेश मोहोपाड्याला भाड्याच्या खोलीत राहतात, सासू लोधिवलीला. मूल झालेलं नाही. ती एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. मागच्या महिन्यात मला बाजारात भेटली, तोंड भरलेलं, हातात कोथिंबिरीची जुडी. मी तब्येत विचारली. म्हणाली, बरी हाय.

मुलगी गेली. रेश्मा जगली.